बावीस पेले

“हिला दूध द्यायचं नाही. एक थेंबसुद्धा नाही!”

सोळा वर्षांनंतर धाकट्या बहिणीच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य! हेस्टर पाळणाघराच्या दारात झाडू हातात धरून तशीच उभी राहिली. समोर गुडघाभर बर्फ, सकाळचे पावणेसात, अजून उजाडलंही नव्हतं, आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात क्लॅरिस उभी होती... डोक्याला तोच आवळून बांधलेला रुमाल, पायांत लाकडी तळाचे बूट, ओठ घट्ट मिटलेले. तिचा हात धरून चार वर्षांची एक मुलगी उभी होती. नाक लाल, टोपी कानांवर ओढलेली.

“आल्बर्टचा पाय मोडलाय,” क्लॅरिस भिंतीकडे बघत म्हणाली. “परांचीवरून घसरला, बर्फावर. तसंही या गारठ्यात गवंड्याला काम कुठलं, चुना भिंतीला लागायच्या आधी गोठतोय. मला पुन्हा मागावर जायला हवं. चॅपेल रोडच्या नव्या पाळणाघरात जागा नाही, नाहीतर इथं आले नसते.”

“ये ना आत. गार वाऱ्यात...”

“मी इथंच बरी आहे. हिचं नाव रूथ. जेवते सगळं. हात धुवायला रडते. आणि दूध नाही! सरकारनं पाठवलेलं असो नाहीतर राणीनं स्वतः आणून दिलेलं असो, तुझ्या हातचं दूध माझ्या मुलीच्या पोटात जाता कामा नये. समजलं?”

“समजलं,” हेस्टर म्हणाली.

दुसरं काय म्हणणार! गिरणीचा भोंगा झाला. क्लॅरिस वळली आणि बर्फातून खडखड चालत निघून गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पण ती मुलगी मात्र मान वर करून हेस्टरकडे टक लावून बघत होती, आणि तिनं टोपी काढली तशी हेस्टरच्या काळजात चर्र झालं... कपाळावर उजवीकडे तोच भोवरा, कितीही ओला कंगवा फिरवा, शेंडीसारखा उभाच राहणारा! टिलीचा भोवरा!

टिली. क्लॅरिसची पहिली मुलगी. गावात सोळा वर्षांत हे नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

पाळणाघर तसं साधंच. एक लांबट खोली, मध्ये कोळशाचा स्टोव्ह आणि त्याभोवती जाळी, तीस बुटक्या खुर्च्या. गिरणीतल्या बायका अंधारात पोरं सोडून जायच्या आणि अंधारातच घेऊन जायच्या. दहा वाजता दूध. लढाईच्या दिवसांत सरकारनं सुरू केलेलं ते फुकट दूध लढाई संपली तरी सुरूच राहिलं होतं. पाच वर्षांच्या आतल्या प्रत्येक लेकराला रोज एक चिमुकली बाटली, तिला चंदेरी कागदाचं झाकण आणि वरून खुपसायला एक काडी. गवंड्याचं पोर असो की डॉक्टरचं, बाटली तेवढीच. राज्यकर्त्यांना अनेक गोष्टी सुचतात, त्यातली ही एक खरोखर आईच्या मनानं सुचलेली, असं हेस्टरला नेहमी वाटे.

त्या वर्षीचा हिवाळा असा होता की बाटल्यांतलं दूध गोठून फुगायचं आणि झाकणं डोक्यावर घेऊन वर यायचं. निळ्या टोपीचे चिमुकले पक्षी ती झाकणं टोचून साय खायला टपलेलेच असत. त्यांना हाकलून हेस्टर पेट्या आत घ्यायची, स्टोव्हच्या कडेनं मांडायची, आणि दहा वाजेपर्यंत बर्फ विरघळून दूध कोमट व्हायचं. मुलं तोंडं वेंगाडायची, पण प्यायची. मग खोलीत तीस काड्यांचा एकच आवाज... सुर्र, सुर्र... आणि हळूहळू एकेक बाटली रिकामी होऊन शांतता.

आणि त्या शांततेत अजून एक सुर्र.

रोज! सगळ्या बाटल्या पेटीत परत गेल्यावर, खिडकीपाशी, कुणीतरी बाटलीच्या तळाशी उरलेलं शेवटचं दूध काडीनं ओढत असल्यासारखा तो आवाज. टिली तशीच प्यायची. संपलं तरी काडी सोडायची नाही. “टिली, आता बाटलीच पिणार का?” म्हटलं की आणखी जोरात ओढायची लबाड! हेस्टर त्या आवाजाकडे कधी वळून बघत नसे. पहिल्या वर्षी वळली होती. तिथं रिकामी खुर्ची होती. त्यानंतर तिनं ठरवूनच टाकलं, की बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. बघितलं तर तोही जाईल.

रूथ आली, आणि आपण होऊन नेमकी त्याच खिडकीपाशी जाऊन बसली.

“मावशी, मला बाटली का नाही?” पहिल्याच दिवशी तिनं विचारलं. मावशी म्हणायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिथली सगळीच मुलं हेस्टरला मावशी म्हणत.

“तुझ्यासाठी संत्र्याचा रस आहे बघ. हासुद्धा सरकारचाच.”

“मला पांढरं हवं.”

“आईला विचारू हं.”

“आईला विचारलं की आई भिंतीकडे बघते,” रूथ म्हणाली आणि रस निमूटपणे प्याली. “आमच्या घरी दूध येतच नाही. बाबा काळा चहा पितात. बाबा म्हणतात, ते शाई पितात.”

हेस्टरला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. सोळा वर्षं त्या घरात दूध नाही! ज्या घरात त्या दोघी बहिणी एकाच पलंगावर एक पांघरूण ओढाओढी करत वाढल्या, त्या घरात!

त्या वेळचा हिवाळाही असाच होता... सत्तेचाळीसचा. क्लॅरिसचा नवरा सिड ब्रह्मदेशातल्या लढाईत गेला होता. मागं राहिलेली साडेतीन वर्षांची टिली म्हणजे तिचा जगण्याचा एकुलता एक धागा. पोर डांग्या खोकल्यातून नुकतीच उठलेली, काडीसारखी. रस्ते बर्फानं बंद झाले आणि तीन दिवस डेअरीची गाडी आलीच नाही. तेव्हाच्या मुख्य बाई, मिस पिलिंग, म्हणाल्या, मुलांना पाण्यातला कोको द्या. क्लॅरिस उसळली. “पाणी पिऊन माझी पोर उभी राहणार आहे का?” आणि ती पहाटे टिलीला पाठुंगळी मारून, बर्फ तुडवत वर डोंगरावरच्या एझ्राकाकांच्या गोठ्यावर गेली आणि सगळ्या पाळणाघराला पुरेल एवढी दुधाची मोठी किटली घेऊन आली. केसांत बर्फ, गाल लाल, कशी विजयी वीरासारखी हसत होती!

हेस्टर तेव्हा तिथं मदतनीस. गोठ्यातलं दूध उकळल्याशिवाय पोरांना द्यायचं नाही हे तिला शिकवलेलं. तिनं ते सगळं दूध मोठ्या भांड्यात ओतलं, स्टोव्हवर ठेवलं, तीन वेळा वर येऊ दिलं, आणि मग पेले भरले. टिलीचा एक आणि बाकीच्या मुलांचे बावीस.

पण त्या डोंगरातल्या माणसांची एक समजूत आहे, कुणी किती समजावलं तरी न जाणारी: उकळलेलं दूध मेलेलं असतं, खरी ताकद धारोष्ण दुधात. अशक्त लेकराला गाईखालीच उभं करावं, फेसासकट पाजावं... क्लॅरिसनं तेच केलं होतं. एझ्राकाकांच्या गोठ्यात. हेस्टरला न सांगता. कारण हेस्टर ओरडली असती.

उन्हाळ्यात टिलीला ताप येऊ लागला. मान ताठ झाली. गावाबाहेरच्या साथीच्या दवाखान्यात नेलं. तिथं आईबापांना आत सोडत नसत, खिडकीच्या काचेतून काय बघायचं ते बघा! लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या. एका संध्याकाळी क्लॅरिस एका बाजूच्या काचेला कपाळ टेकून उभी होती. हेस्टर कामावरून उशिरा आली ती पलीकडच्या हिरवळीवरून, दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी. मध्ये पांढरा पलंग आणि त्यावर निपचित टिली. क्लॅरिसचं लक्ष फक्त पोरीकडे. आणि तिचे ओठ हलत होते.

मागांच्या खडखडाटात कानांचा काही उपयोग नसतो. म्हणून विणकर बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात, तोंड मोठं मोठं करून. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेच्या सगळ्या उखाळ्यापाखाळ्या सांगून मोकळी होते आणि शेजारच्या मुकादमाला पत्ताही लागत नाही. हेस्टरनं पाळणाघरात येण्याआधी सहा वर्षं माग चालवला होता. दोन काचांपलीकडून तिनं बहिणीचे ओठ वाचले. वाचायचे नव्हते, पण वाचले गेले.

*मीच पाजलं गं तुला... गोठ्यात... कच्चं... मीच... तुझ्या आईनंच...*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. म्हणाले, हा दुधातून आलेला क्षय, गाईच्या आजाराचा. मुलीनं कच्चं दूध कुठं घेतलं होतं का? क्लॅरिसचं तोंड उघडलं. आवाज फुटेना. तिचे डोळे... त्या डोळ्यांत हेस्टरला स्पष्ट दिसलं, की हे उत्तर जर तिच्या ओठांतून बाहेर आलं तर त्याच संध्याकाळी ती कालव्यात उडी घेईल. एक क्षण, फक्त एक क्षण! आणि हेस्टर पुढं झाली.

“मी दिलं, डॉक्टर. पाळणाघरात. उकळायचा कंटाळा केला मी.”

क्लॅरिस तिच्याकडे वळली. आधी काही कळलंच नाही असं बघत राहिली. मग किंचाळली, “तू? तू! माझ्या टिलीला मारलंस तू!”

टिली सप्टेंबरात गेली. हेस्टरला पाळणाघराच्या समितीसमोर उभं केलं, मदतनिसाचा पांढरा कोट उतरवून घेतला. मिस पिलिंगनी रदबदली केली म्हणून निदान फरशी पुसायला ठेवलं, सहा वर्षं. पोस्टातला पर्सी दर रविवारी यायचा तो यायचा थांबला. तसा तो फार बोलका नव्हताच, त्यामुळे त्याचं न येणंही गुपचूपच झालं. घरातून क्लॅरिसनं तिची पेटी रस्त्यावर ठेवली. पुढं हळूहळू, मुलांना तिच्याशिवाय चैन पडेना म्हणून असेल, कोट परत मिळाला, आणि मिस पिलिंग थकल्यावर किल्ल्याही. पण रोज सकाळी आया पोरं सोडायला येत तेव्हा हेस्टर मान खाली घालूनच दार उघडायची. तिला वाटायचं, या सगळ्या नाइलाजानं येतात बिचाऱ्या. जाणार कुठं!

आणि तरी तिला पश्चात्ताप नव्हता. बहीण जगली होती ना! तिनं पुन्हा लग्न केलं, उशिरा का होईना पुन्हा तिची कूस उजवली. हेस्टरच्या खोट्याच्या आडोशाला ती निर्धास्त झोपत असेल, या एका समाधानावर हेस्टर सोळा वर्षं उबदार राहिली होती. आता उरला होता एवढाच प्रश्न: या पोरीच्या तोंडी आपल्या हातचा एक घोट तरी कधी जाऊ देईल का ती? मरायच्या आधी एकदा तरी?

रूथला येऊन बारा दिवस झाले होते. त्या दिवशी डेरिक नावाचा मुलगा गालफुगीनं घरी होता, आणि त्याची बाटली पेटीत उरली. दहा वाजले. सुर्र, सुर्र... मग शांतता. हेस्टर पाठमोरी उभी राहून स्टोव्हमध्ये कोळसे टाकत होती. खिडकीपाशी नेहमीसारखा तो आवाज आला... तळाशी उरलेलं शेवटचं दूध, लांबलचक, हट्टी. हेस्टरनं नेहमीसारखे डोळे मिटले. आज जरा जास्तच वेळ राहिलीस गं बाई, ती मनातल्या मनात म्हणाली.

“संपलं,” मागून कुणीतरी म्हणालं.

हेस्टरच्या हातातला फावडा खाली पडला. टिली कधी बोलत नसे! ती गर्रकन वळली. खिडकीपाशी रूथ बसली होती, दोन्ही हातांत डेरिकची रिकामी बाटली, ओठांवर पांढरी मिशी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की तिला रागवायला देवालासुद्धा धीर झाला नसता.

“मावशी, ते गोड लागतं,” रूथ आश्चर्यानं म्हणाली.

हेस्टरनं रिकामी बाटली पेटीत परत ठेवली. कुणी पाहिलं नव्हतं. पोरीचं तोंड पुसलं की झालं, कुणाला कळणार? डेअरीचं दूध, तापवून, झाकण लावून आलेलं, त्यात काही वाईट नाही हे तिला ठाऊक होतं. पण एक खोटं सांभाळता सांभाळता आयुष्य गेलं होतं. दुसरं सांभाळायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

संध्याकाळी सगळ्या आया पोरं घेऊन गेल्या. क्लॅरिस सर्वांत शेवटी आली, केसांत सुताचे पांढरे तंतू अडकलेले. नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेरच थांबली.

“क्लॅरिस,” हेस्टर म्हणाली, “आज ती दूध प्यायली. माझं लक्ष नव्हतं. चूक माझी.”

आता हात उठणार, हेस्टरला वाटलं. तिनं मान पुढं केली. पण क्लॅरिस ओरडली नाही. ती पांढरीफटक पडली, उंबरा ओलांडून आत आली, आणि सर्वांत जवळच्या बुटक्या खुर्चीवर मटकन बसली, गुडघे हनुवटीशी. रूथ कोपऱ्यात उलटे बूट घालण्यात गुंग होती.

“आवडलं का तिला?” क्लॅरिसनं हळूच विचारलं.

हेस्टरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय?”

“दूध. आवडलं का?”

“गोड लागतं म्हणाली.”

क्लॅरिसनं रुमालाच्या टोकानं डोळे दाबले. मग म्हणाली, “त्या दिवशी तू दूध उकळलं होतंस.”

“नाही.”

“हेस्टर...”

“नाही उकळलं! कंटाळा केला. सांगितलं ना मी तेव्हाच, समितीला, डॉक्टरला...”

“बावीस पोरं होती, हेस्टर! बावीस पेले, त्याच भांड्यातले! एकाला साधा खोकला झाला? एकाला? ऑर्मरॉडबाईची तीन, डेरिकच्या काकाचा तो मुडदूस झालेला पोरगा, फुंकर मारली तर पडेल असा... सगळे धडधाकट! एकटी माझीच गेली. मला काय मोजता येत नाही का गं? पहिल्या आठवड्यातच मोजलं होतं मी. रोज मोजते. मागावर उभी राहते आणि मोजते. बावीस... बावीस... बावीस!”

“तुला... माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

स्टोव्हमध्ये कोळसा ढासळला. हेस्टरनं जाळीला धरलं. सोळा वर्षांत ती कधी रागावली नव्हती, आणि आता मात्र राग कुठून उसळून आला कोण जाणे.

“माहीत होतं, आणि माझी पेटी रस्त्यावर ठेवलीस? माहीत होतं, आणि मी इथं गुडघ्यांवर फरशी पुसत होते तेव्हा तू दारावरून मान फिरवून जात होतीस? मला वाटायचं, बाई झोपत तरी असेल! त्यासाठी केलं मी! तू झोपावीस म्हणून! आणि तू...”

“एक रात्र झोपले नाही,” क्लॅरिस म्हणाली.

“मग कशासाठी? कशासाठी झालं हे सगळं?”

“तू खोटं बोललीस म्हणून मी जगले गं!” क्लॅरिसचा बांध फुटला. “मला माहीत होतं ते खोटं आहे, तरी जगले! माझ्यासाठी कुणीतरी एवढं खोटं बोललंय, मग मरू कशी मी? बुडणारा माणूस हाताला येईल त्याला धरतो, तसं तुला धरलं, आणि तुलाच पाण्याखाली दाबलं. दर रविवारी चॅपेलमध्ये तुझी पाठ दिसायची... तोच एक कोट, कोपराला ठिगळ... वाटायचं, आज उठते आणि सांगते. आणि ओठ शिवल्यासारखे! पण एक सांग. मी गोठ्यात तिला पाजलं ते तुला कुणी सांगितलं? एझ्राकाका तर तेव्हा धारा काढून आत गेले होते. कुणी नव्हतं. मी आणि ती.”

हेस्टर तिच्या समोरच्या बुटक्या खुर्चीवर बसली. राग आला तसा ओसरला होता, आणि मागं उरली होती फक्त थकलेली माया.

“तूच सांगितलंस.”

“मी?”

“दवाखान्यात. काचेपाशी. तू तिच्याशी बोलत होतीस, मागावर बोलतो तसं. मी पलीकडच्या खिडकीत होते.”

क्लॅरिसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, जणू सोळा वर्षांपूर्वीचे ते शब्द आता तरी आत ढकलता येतील... आणि तिच्या बोटांमधून एक असा हुंदका बाहेर पडला की कोपऱ्यातली रूथ बूट टाकून धावत आली.

“आई, मी पुन्हा नाही पिणार!”

“पी गं राजा, पी...” क्लॅरिसनं तिला छातीशी ओढलं. “रोज पी. मावशी देईल ते सगळं पी.” आणि तिच्या डोक्यावरून बहिणीकडे बघत ती पुटपुटली, “चॅपेल रोडला जागा होती, हेस्टर. मी विचारलंच नाही तिथं.”

हेस्टरनं हात पुढं केला. क्लॅरिसनं तो धरला, आणि फरशी पुसून पुसून खडबडीत झालेल्या त्या तळव्यावर आपला गाल ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी नेहमीची गर्दी होती. बाबागाड्या, रुमाल बांधलेली डोकी, तोंडांतून निघणारी वाफ. क्लॅरिस सगळ्यांत आधी आलेली, पण आत जाईना. दिव्याच्या खांबाला टेकून उभी होती. हेस्टर दार उघडायला आली, तिनं ओळखलं आणि घाईघाईनं मान हलवली... नको, आता कशाला! पण क्लॅरिसनं रुमाल सोडला, आणि गिरणीतल्या बाईला शोभणार नाही अशा मोठ्या, फाटक्या आवाजात बोलू लागली.

“थांबा सगळ्या! मला सांगायचंय काहीतरी. त्या हिवाळ्यात माझ्या बहिणीनं दूध उकळलं होतं. तीन वेळा. माझ्या टिलीला कच्चं दूध मी पाजलं, एझ्राकाकांच्या गोठ्यात. मी. हेस्टरनं नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी तिला बोलू दिलं. झालं, सांगितलं.”

बर्फावर कुणाच्या तरी बुटाचा कर्रकन आवाज झाला. मग ऑर्मरॉडबाई, अंगानं दांडग्या, दोन शाली पांघरलेल्या, नातीला काखेत मारून पुढं आल्या.

“संपलं का?” त्या म्हणाल्या.

“हो,” क्लॅरिस कशीबशी म्हणाली.

“मग बरं झालं. अगं बयो, त्या बाविसांतले तीन माझे होते. तुला एकटीलाच मोजता येतं होय? आम्ही काय आंधळ्या होतो?”

हेस्टरनं मान वर केली. “तुम्हाला... तुम्हाला ठाऊक होतं?”

“त्याच वर्षी. माझी तीन, हिची दोन, तिचा एक... सगळी ठणठणीत. भांड्यातच विष असतं तर काय, त्यानं यांना नावगाव विचारून सोडलं असतं?”

“मग बोलला का नाहीत कधी?”

ऑर्मरॉडबाईंनी क्लॅरिसकडे बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. “ही जगत होती ना. तू तिला जगवत होतीस. मध्ये पडणाऱ्या आम्ही कोण?”

“मला वाटायचं तुम्ही नाइलाजानं पोरं पाठवता माझ्याकडे,” हेस्टर म्हणाली.

“नाइलाजानं! ऐका हो! चॅपेल रोडचं पाळणाघर माझ्या दारासमोर आहे, तिथं नळाला गरम पाणीसुद्धा येतं. तरी रोज अर्धा मैल बर्फ तुडवत इथं येते ती काय हवापालट म्हणून? धर हिला. नाक गोठलंय पोरीचं.” आणि त्यांनी नातीला हेस्टरच्या हातांत कोंबलंच.

गर्दीतून कुणीतरी नाक ओढलं. कुणीतरी हसलं, रडवेलं. तिकडे भोंगा झाला. पण त्या सकाळी पहिल्यांदाच एकही बाई हलली नाही. आणि मग ऑर्मरॉडबाई, जणू इतकी वर्षं जिभेच्या टोकाशी धरून ठेवलेलं काही एकदाचं सुटावं तशा, म्हणाल्या, “तुमची ती टिली... काय पोर होती! माझ्या जॅकला एकदा चावली होती, ठाऊक आहे? लाकडी घोड्यावरून भांडण. दंडाला. अजून वण आहे त्याच्या. आता दोन पोरांचा बाप झालाय, पण अस्तनी वर करून दाखवतो लोकांना.”

क्लॅरिसनं ऑर्मरॉडबाईंचा हात धरला, घट्ट, सोडणारच नाही असा. सोळा वर्षांची भूक होती तिच्या डोळ्यांत.

“कुठल्या दंडाला?” तिनं विचारलं. “डाव्या की उजव्या?”